मोठा संघ कोणता?

श्रेष्ठ कोण, हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून सतावीत आला आहे. किंबहुना, सतावीत आला आहे असे म्हणण्यापेक्षा रिझवीत आला आहे असे म्हणणेच अधिक बरोबर होईल. कर्ण मोठा की अर्जुन मोठा, या वादात आपल्याकडे किती पिढ्यांच्या रात्री सरल्या असतील! कुरुक्षेत्रावरच्या युद्धाचा निकाल अठरा दिवसांत लागला. या वादाचा निकाल मात्र अजून लागायचा आहे. आणि तो लागू नये, अशीच वाद घालणाऱ्यांची आतून इच्छा असते. दिवाळीत चार नातलग एकत्र जमले, फराळाची ताटे मध्ये आली, की कोणीतरी असा एखादा विषय काढतोच. गायक कोण मोठा, नट कोण मोठा, फलंदाज कोण मोठा! चकल्या संपतात, वाद संपत नाही.

अलीकडे या जुन्या वादाने आमच्याकडे एक नवे रूप घेतले आहे. आमचे शिंदखेडा हे तालुक्याचे गाव. या तालुक्यात कापूस पिकतो. फुटबॉल पिकतो असे कोणी म्हणणार नाही. तरीही दर चार वर्षांनी विश्वचषक आला की मधल्या सुट्टीत पोरांचे दोन तट पडतात. एक ब्राझीलचा, एक अर्जेंटिनाचा. ज्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही अशी मुले दोन महासागरांपलीकडच्या संघांसाठी हमरीतुमरीवर येतात, आणि भांडण विकोपाला गेले की शिक्षकाकडे न्याय मागायला येतात. “सर, मंग मोठा संघ कोनता शे?” असा सरळ अहिराणी प्रश्न पुढ्यात येऊन उभा राहतो.

कोणी म्हणेल, या पोरखेळात तत्त्वविचार करण्याजोगे काय आहे? मला तसे वाटत नाही. मोठा कोण, हे ठरविताना माणूस नकळत आपला गज बाहेर काढतो. तो कापड मोजू लागला की कापडाची लांबी कळते हे खरे. पण त्याहून अधिक स्पष्टपणे कळते ती त्याच्या गजाची लांबी. विजयाला मोठेपण म्हणणारा माणूस आणि हरलेल्या शूराला मोठे म्हणणारा माणूस एकाच घरात राहत असले तरी ते दोन निरनिराळ्या जगांत राहत असतात. आणि मुलांना दरवर्षी पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्याने तरी आपला गज एकदा तपासून पाहायला हवा.

पहिला गज सोपा आहे. जो जिंकला तो मोठा. या हिशेबाने वाद फार वेळ चालणार नाही. ब्राझीलने १९५८, १९६२, १९७०, १९९४ आणि २००२ असा पाच वेळा विश्वचषक जिंकला. त्यातही १९७० चा त्यांचा संघ हा पुष्कळ जाणकारांच्या मते आजवरचा सर्वोत्तम. मेक्सिकोत त्यांनी सहाच्या सहा सामने जिंकले. जैर्झिन्यो या खेळाडूने प्रत्येक सामन्यात गोल केला. आणि अंतिम सामन्यात इटलीला ४–१ असे हरविले. त्यातला शेवटचा गोल आजही पाहावा. चेंडू पायापायांतून फिरत फिरत पेलेकडे येतो. पेले घाई करीत नाही. मागून येणाऱ्या कर्णधार कार्लोस आल्बेर्तोची जणू पावले मोजतो आणि त्याच्या वाटेत चेंडू अलगद सरकवून देतो. लग्नघरात एखादी जाणती बाई न पाहताच हातातले ताट योग्य त्या हाती देते, तसे ते देणे आहे. विजय आणि सौंदर्य यांचे असे लग्न क्वचितच लागते, आणि लागते तेव्हा वादाला जागाच उरत नाही.

पण हे लग्न नेहमी लागत नाही, हीच खरी अडचण आहे. १९५० पासून पुढची चार वर्षे हंगेरीचा संघ अधिकृत सामन्यांत कोणाकडूनही हरला नव्हता. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हा संघ लंडनच्या वेम्बली मैदानावर उतरला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही संघाकडून इंग्लंड तोवर स्वतःच्या भूमीवर हरलेले नव्हते. फुटबॉल हा आपणच जगाला शिकविला, तेव्हा त्यात आपल्याला कोण काय शिकविणार, अशी साहेबाची समजूत होती. हंगेरीने ६–३ असा सामना जिंकला. त्यांचा हिदेगकुटी हा मधला आघाडीवीर आघाडीवर थांबेचना. तो मागे सरके, आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या इंग्रज खेळाडूला कळेना की याच्या मागे जावे की आपली जागा राखावी. त्याच हिदेगकुटीने तीन गोल केले. पुढल्या मे महिन्यात बुडापेस्टला परतफेडीचा सामना झाला, तेव्हा हंगेरीचे गोल सात झाले आणि इंग्लंडचा एक.

मग १९५४ चा विश्वचषक आला. सुरुवातीच्या फेरीत हंगेरीने पश्चिम जर्मनीला ८–३ असे लोळविले. ४ जुलै रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात, भर पावसात, अंतिम सामन्याला पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. आठ मिनिटांत हंगेरीचे दोन गोल झाले. जगाने निकाल गृहीत धरला. पण जर्मनीने बरोबरी साधली आणि शेवटची सहा मिनिटे उरली असता तिसरा गोल केला. दुखऱ्या पायाने खेळणाऱ्या पुश्काशने अखेरीस केलेला गोल ऑफसाइड ठरला. चार वर्षे न हरलेला संघ हरला, आणि तो नेमका त्याच एका दिवशी हरला.

येथे आपण दुसरा गज बाहेर काढतो. आपले मन म्हणते, हरला तरी मोठा हाच! १९७४ च्या नेदरलँड्सबद्दल आपण असेच म्हणतो. म्युनिकच्या अंतिम सामन्यात जर्मन खेळाडूंचा पाय चेंडूला लागण्यापूर्वीच त्यांनी पेनल्टी मिळविली आणि गोल केला, आणि तरीही ते २–१ असे हरले. १९८२ च्या ब्राझीलबद्दलही तसेच. झिको, सॉक्रेटिस, फाल्काव असे खेळाडू असलेल्या त्या संघाला बरोबरीही चालणार होती. पण इटलीच्या पाओलो रॉस्सीने तीन गोल करून त्यांना ३–२ असे घरी पाठविले. हे तिन्ही संघ जिंकणाऱ्या कित्येक संघांहून अधिक प्रेमाने आठवले जातात. कर्णाचेही तसेच झाले नाही का? अर्जुनाला विजय मिळाला, आणि मराठी कादंबऱ्या मिळाल्या त्या कर्णाला.

पण या हळवेपणात एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. हरलेल्याच्या दुःखाची झळाळी आपण त्याच्या गुणांत मिळवितो आणि जिंकलेल्याचे श्रम आपल्याला दिसेनासे होतात. बर्नला जिंकलेले ते जर्मन खेळाडू कोण होते? युद्धात उद्ध्वस्त झालेल्या आणि स्वतःच्याच राज्यकर्त्यांच्या पापाने जगाच्या नजरेतून उतरलेल्या देशातली ती माणसे. त्यांचा कर्णधार फ्रिट्झ वाल्टर युद्धकैदी होता. त्याची एक हकीकत सांगतात. कैद्यांना रशियाकडे नेण्याची वेळ आली, तेव्हा त्याचा खेळ पूर्वी पाहिलेल्या एका हंगेरियन पहारेकऱ्याने हा माणूस जर्मन नव्हे, सार प्रांतातला आहे, असे सांगून त्याला वाचविले. नऊ वर्षांनी त्याच वाल्टरने हंगेरीला हरवून चषक उचलला. अशा माणसाला नुसता नशीबवान म्हणून बाजूला सारणे हा न्याय नव्हे. हरलेल्याविषयी सहानुभूती असावी, पण तिच्यासाठी जिंकणाऱ्याचा हक्क काढून घेऊ नये.

“निकाल महत्त्वाचा नाही, खेळणे महत्त्वाचे” हे वाक्यही असेच फसवे आहे. आमच्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यामुळे फलत्याग हा शब्द आम्हा खानदेशकरांना काही परका नाही. पण तो आपण वापरतो केव्हा? पोरगा नापास झाला की! निकालाच्या दिवशी रडवेल्या मुलाला आपण गीता सांगतो आणि पहिल्या आलेल्या मुलाला पेढे भरवितो. वास्तविक ज्याच्या हाती फळ आलेच नाही, त्याने त्याग कशाचा करायचा? फलत्याग सांगायचा तर तो जिंकलेल्याला सांगायला हवा. हरलेल्याला गरज असते ती दुसऱ्याच कशाची तरी: त्याने जे केले त्यातले खरे किती आणि कच्चे किती, हे कोणीतरी नीट पाहून सांगण्याची.

हे न सांगितल्याने काय घडते, त्याचे उदाहरण १९५० च्या ब्राझीलचे आहे. रिओच्या माराकाना मैदानावर १६ जुलै रोजी शेवटचा सामना झाला. प्रेक्षक दोन लाखांच्या घरात. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. उरुग्वेने २–१ असा विजय मिळविला. सगळ्या राष्ट्राला आपला राग ठेवायला एक जागा हवी होती. ती मिळाली गोलरक्षक बार्बोसामध्ये. मैदानात अकरा जण होते, हरले अकरा जण, पण दोष राहिला एकाच्या माथी. तो २००० साली वारला, तोवर पन्नास वर्षे लोक त्याला त्या एका गोलवरून ओळखत राहिले. त्यापूर्वी त्याने अडविलेले चेंडू कोणी मोजले नाहीत. वाचकहो, फुटबॉल बाजूला ठेवून आपल्या घराकडे पाहा. किती घरांत असा एखादा बार्बोसा असतो! एकदा परीक्षेत चुकलेला, एकदा धंद्यात बसलेला, आणि मग आयुष्यभर दर सणाला त्याच एका गोष्टीवरून ओळखला जाणारा. मोठा कोण हे ठरविण्याची आपली हौस निष्पाप आहे. तिच्या पाठोपाठ छोटा कोण हे ठरविण्याची जी हौस येते, ती मात्र निष्पाप नाही.

आता तिसरा गज घेऊ. काही लोक म्हणतात, कोण कोठे पोहोचला हे पाहू नका; कोठून निघाला आणि किती चालला ते पाहा. हा गज आम्हा गावाकडच्या शिक्षकांना साहजिकच आवडतो. आणि या गजाने मोजायचे तर दूर जायला नको, आपलाच संघ घ्यावा.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला. कर्णधार होते नागा प्रदेशातले डॉक्टर तालिमेरेन आओ. बहुतेक खेळाडू अनवाणी. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि अगदी शेवटी गोल होऊन आपण २–१ असे हरलो. लोकांनी अनवाणी पायांचे कौतुक केले. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १–० असे हरवून आपण सुवर्णपदक मिळविले. पण पुढल्याच वर्षी हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल केले, आपला एक. थंडी कौतुक ऐकत नाही. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. अनवाणीपणा ही आपली परिस्थिती होती, तो आपला गुण नव्हता, हे त्या दहा गोलांनी शिकविले. तिसऱ्या गजाचा धोका आहे तो इथे. दारिद्र्याला गुण देता देता आपण ते दागिन्यासारखे जपू लागतो.

त्या वेळी आपल्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने ते शाळामास्तर. दहा गोल खाल्लेला संघ घेऊन परतणाऱ्या मास्तराने काय करावे? रहीमसाहेबांनी शिकविणे चालू ठेवले. चार वर्षांनी मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४–२ असे हरविले. मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर नाव काढलेले नेव्हिल डिसोझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्यांचाच. शेवटी तो सामना आपण ४–१ असा हरलो आणि चौथे आलो. पण ज्यांनी दहा गोल केले होते, त्यांच्यावर काही काळ का होईना, आपली आघाडी होती. १९६० मध्ये रोमला हंगेरीशी गाठ पडली. तो १९५४ चा संघ नव्हता, तरी ती हंगेरीच होती. आपण हरलो, पण २–१. त्याच रोममध्ये फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी केली. १–१० पासून १–२ पर्यंतचे हे आठ वर्षांचे गणित मला कोणत्याही सुवर्णपदकाइतके मोलाचे वाटते.

आणि मग ते सुवर्णपदकही आले. १९६२, जाकार्ता. इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, म्हणून तिथली जनता भारतीयांवर संतापलेली. पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाशी ०–२ असा हरलो. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याचे डोके फुटले, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला डोक्याला पट्टी बांधून बचावातून काढले आणि आघाडीला खेळविले! उपान्त्य सामन्यात त्याने गोल केला; ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यातही केला. दुसरा गोल पी. के. बॅनर्जी यांचा. शत्रुवत झालेल्या प्रचंड गर्दीसमोर त्याच दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून चुनी गोस्वामींच्या संघाने सुवर्णपदक घेतले. त्या संघात गोमंतकीय फोर्तुनातो फ्रांको होते. त्यांचा गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते. हैदराबादचा मुसलमान मास्तर, पंजाबचा शीख बचावपटू, बंगालचा कर्णधार, गोव्याचा ख्रिस्ती खेळाडू! एकात्मतेवर आपण पुष्कळ भाषणे करतो. त्या दिवशी ती नव्वद मिनिटे धावली. रहीमसाहेबांना तेव्हा फुफ्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले.

एवढे सांगितल्यावर वर्गातला एखादा हुशार मुलगा विचारतोच, मग सर, हाच संघ मोठा म्हणायचा का? आणि इथे मला चौथा गज काढावा लागतो. तो दुकानात मिळत नाही, स्वयंपाकघरात मिळतो.

घरात दही लावतात तेव्हा विरजण किती घेतात? चमचाभर. दह्याने भरलेले पातेले सर्वांना दिसते, सर्वजण त्याची चव घेतात, वाखाणतात. पण जाणती गृहिणी त्यातले चमचाभर बाजूला काढून ठेवते, कारण उद्याचे दही त्या चमच्यात असते. ‘विरजण पडणे’ हा शब्दप्रयोग आपण निराशेसाठी कसा वापरू लागलो कोण जाणे. खरे तर एका दुधाचे मोठेपण दुसऱ्या दुधात उतरते ते विरजणानेच. मला वाटते, खेळातला, कलेतला, माणसातला मोठेपणा असाच ओळखावा. त्याने किती जिंकले हे पातेले झाले. त्याच्यामुळे पुढे किती जणांना अधिक चांगले होता आले, हे विरजण.

या दृष्टीने पाहिले की हंगेरीचा तो हरलेला संघ निराळाच दिसू लागतो. १९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला, रशियन रणगाडे आले आणि तो संघ विखुरला. पुश्काश माद्रिदला गेला. कोचिश आणि त्सिबोर बार्सिलोनाला. त्यांच्या स्वतःच्या घरात ते दही पुन्हा तसे लागले नाही. पण वेम्बलीवर ६–३ असा हरलेल्या इंग्रज संघात आल्फ रॅम्सी नावाचा एक बचावपटू होता. त्या दिवशीच्या तीन इंग्रज गोलांतला एक त्याचा. आणि राष्ट्रीय संघातला त्याचा तो शेवटचा सामना. १९६६ मध्ये इंग्लंडने आपला एकमेव विश्वचषक जिंकला, तेव्हा संघ घडविणारा माणूस हाच रॅम्सी होता. आपल्यावर सहा गोल होताना पाहिलेला माणूस तेरा वर्षांनी जगज्जेता संघ उभा करतो! त्या सहा गोलांतून तो काय शिकला असेल, हे त्याचे त्याला ठाऊक. पण आपणच गुरू ही साहेबाची समजूत त्या दिवशी मोडली, आणि ती मोडल्याशिवाय शिकणे सुरू होत नाही, हे कोणताही मास्तर सांगेल.

नेदरलँड्सची गोष्ट याहून विलक्षण. १९७४ चा त्यांचा नायक योहान क्रायफ पुढे बार्सिलोनात प्रशिक्षक झाला. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, जागा निर्माण करायची, प्रत्येकाने प्रत्येकाचे काम जाणायचे, ही त्याची शिकवण तिथे रुजली आणि त्या मुशीत घडलेल्या खेळाडूंच्या बळावर स्पेनने २००८ आणि २०१२ चे युरोपियन अजिंक्यपद आणि त्यांच्या मधोमध २०१० चा विश्वचषक जिंकला. त्या २०१० च्या अंतिम सामन्यात स्पेनने हरविले कोणाला? नेदरलँड्सलाच! आपल्याच घरचे विरजण शेजारणीने नेले आणि तिचे दही आपल्यापेक्षा सरस लागले, असा हा प्रकार. यात दुःख आहे. पण याहून मोठा सन्मान तरी कोणता?

आणि आपण? १९६२ च्या दह्याचे आपण काय केले? अगदीच काही उरले नाही असे नाही. पी. के. बॅनर्जी पुढे नामवंत प्रशिक्षक झाले. १९७० मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आपल्याला कांस्यपदक मिळाले. पण त्यानंतर त्या स्पर्धेत फुटबॉलचे पदक नाही, आणि १९६० नंतर ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारताचा पुरुष संघ दिसलेला नाही. रहीमसाहेबांचे नाव कित्येक भारतीयांनी ऐकले ते २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘मैदान’ हा चित्रपट आला तेव्हा. तोवर बॅनर्जी आणि गोस्वामी दोघेही २०२० मध्ये, आणि फ्रांको २०२१ मध्ये जग सोडून गेले होते. आपण दही खाल्ले, वाहवा केली आणि पातेले धुऊन टाकले.

म्हणूनच, आमचाही संघ एके काळी मोठा होता, या वाक्याशी मी थोडा अडखळतो. पणजोबांचे मोठेपण सांगणारे नातू गावोगाव असतात. पडक्या वाड्याच्या ओट्यावर बसून ते जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगतात. गोष्टी खऱ्याही असतात. पण ऐकणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो: मग या ओट्याची फरशी कोणी बसवायची? पूर्वजांचे मोठेपण ही बँकेत ठेवलेली रक्कम नव्हे. ते आपल्याकडे असलेले कर्ज आहे, आणि ते पुढच्या पिढीला फेडायचे असते. १९६२ च्या संघाची गुणपत्रिका अजून पुरी भरलेली नाही. अर्धी त्यांनी भरली. उरलेली आपण भरायची आहे.

ती भरणारे हात आपल्या महाराष्ट्रात नाहीत असेही नाही. कोल्हापुरात जा. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत. ज्या तालमींत लाल मातीची कुस्ती, त्यांच्याच नावाने शाहू स्टेडियमवर फुटबॉल. आणि पेठापेठांतली चुरस अशी की स्पर्धेच्या दिवशी गाव मैदानावर. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. हे काही जगज्जेतेपद नव्हे. पण कोणीतरी चमचाभर बाजूला काढून ठेवले होते, एवढे त्यावरून नक्की कळते.

आता मुलांच्या प्रश्नाला उत्तर देणे आले. शिक्षकाला तेवढे टाळता येत नाही. मोठा संघ कोणता, असे मला विचाराल तर मी १९५४ च्या हंगेरीचे नाव घेईन. तो हरला म्हणून नव्हे, तर ज्यांना त्याने हरविले तेही त्याच्यामुळे शहाणे झाले म्हणून. कोणी १९७० चा ब्राझील म्हणेल, त्याच्याशी मी भांडणार नाही. सौंदर्य हेही विरजणच आहे, आणि ते पाहून किती पोरांनी चेंडूला पाय लावला असेल याची गणती कोण करणार! फक्त उत्तर देणाऱ्याने आपला गज दाखवावा, एवढेच माझे मागणे. “आमचा संघ म्हणून मोठा” हा गज नव्हे, आणि “चषक मिळाला म्हणून मोठा” हा फार आखूड गज.

आमच्या पोरांचे मला जे कौतुक वाटते, ते इथे. शिंदखेड्याच्या मुलाने ब्राझीलसाठी भांडावे, हे काहींना हास्यास्पद वाटते. आपले सोडून परक्यांचा उदो उदो कशाला, असे ते म्हणतात. मला ते निर्मळ वाटते. ज्या देशाशी आपला काही लाभ नाही, ज्याची भाषा कळत नाही, त्याच्या चांगल्या खेळावर जीव टाकणे ही लहान गोष्ट नव्हे. आणि विरजणाला कुळगोत्र नसते, हे आपण पाहिलेच. हंगेरीचा धडा इंग्लंडला मिळाला, नेदरलँड्सचे दही स्पेनमध्ये लागले. तर पेलेचे एखाद्या खानदेशी पोराच्या पायात का लागू नये? अट एकच. नुसते मोठा कोण हे भांडून चालणार नाही. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर चेंडू घेऊन उतरले पाहिजे. आणि पास चुकविणाऱ्या गड्याला बार्बोसा न करता पुन्हा चेंडू दिला पाहिजे.

या दिवाळीत आपल्या घरीही असा एखादा वाद रंगेल. रंगू द्यावा. आजोबांनी आपला गायक सांगावा, काकांनी फलंदाज, पोरांनी फुटबॉलचा संघ. वाद ऐन भरात आला की घरातल्या कोणीतरी, बहुधा दही लावणारीनेच, हळूच एक प्रश्न विचारावा: “तो मोठा, हे कबूल, पण त्याच्यामागून कोण आले?” त्या प्रश्नावर जे नाव टिकेल, ते मोठे. आणि उत्तर देताना ज्याचा आवाज जरा खाली येईल, त्याने निदान चमचाभर तरी काढून ठेवण्याचे मनावर घ्यावे.